फोल्ड न करणाऱ्यांविरुद्ध पैज

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन बंद पत्ते मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी पाच उघडे पत्ते टप्प्याटप्प्याने येतात. आधी तीन, म्हणजे फ्लॉप. मग एक, टर्न. शेवटी आणखी एक, रिव्हर. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या किती जोड्यांवर एखादा खेळाडू स्वतःहून पैसे लावून डावात उतरतो, यावरून तो आवळून खेळणारा की सैल, हे ठरते. सहा जणांच्या टेबलावर शिस्तीने खेळणारा साधारण २० ते २५ टक्के डावांत उतरतो. सैल खेळणारा ४० टक्क्यांच्या वर असतो, आणि लहान पैजांच्या टेबलांवर निम्म्याहून अधिक डाव खेळणारेही सर्रास भेटतात.

लहान पैजा म्हणजे ऑनलाइन खोल्यांमधली तळाची टेबले. डाव सुरू होण्याआधी दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीने पैसे ठेवावे लागतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. सर्वांत खालच्या टेबलावर हे ब्लाइंड १ आणि २ सेंट असतात. शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसण्याची रीत असल्याने तिथे २ डॉलर पुरतात, म्हणून त्या टेबलाला ‘एनएल २’ (नो-लिमिट २) म्हणतात. ‘एनएल २५’पर्यंतचा, म्हणजे १० आणि २५ सेंटांच्या ब्लाइंडपर्यंतचा खेळ सर्वसाधारणपणे याच तळात मोजला जातो. चलन कोणतेही असले तरी हिशेब बिग ब्लाइंडमध्ये होतो. बोलीभाषेत त्याला बीबी म्हणतात.

या टेबलांवरचा माणूस सैल का खेळतो, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तो मूर्ख असतो असे नाही. दिवसभराच्या कामानंतर तो खेळायला बसलेला असतो. पाचपैकी चार वेळा पत्ते टाकून, म्हणजे फोल्ड करून, नुसते बघत बसायला नव्हे. रक्कम क्षुल्लक असते, कुतूहल मोठे असते, आणि ‘समोरचा फसवत असेल’ ही शंका सतत सोबतीला असते. पैशांवर खेळला जाणारा ऑनलाइन पोकर १९९८ मध्ये ‘प्लॅनेट पोकर’ने सुरू केला, पण त्याला गर्दी मिळाली ती २००३ नंतर. त्या वर्षी टेनेसीतला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून, शंभर डॉलरपेक्षाही कमी खर्चात, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. २००३ मध्ये त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, २००६ मध्ये ८,७७३. या लाटेतून आलेल्या बहुतेकांनी टीव्हीवर पाहिले होते ते ब्लफचे, म्हणजे हातात काही नसताना लावलेल्या पैजांचे, आणि थरारक कॉलचे, म्हणजे तेवढीच रक्कम भरून पैज स्वीकारण्याचे प्रसंग. टाकून दिलेले पत्ते टीव्हीवर कोणी दाखवत नाही.

मराठी घरांतून दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांनाही हा स्वभाव ओळखीचा वाटेल, मात्र दोन खेळांत एक मोठा फरक आहे. तीन पत्तीत पत्ते वाटून झाले की प्रत्येकाचा हात कायम झाला. पुढच्या चाली केवळ हिमतीच्या आणि अंदाजाच्या. होल्डेममध्ये वाटलेले दोन पत्ते म्हणजे पुढे दिसणाऱ्या सात पत्त्यांचा छोटा भाग. आज हरत असलेला हात उद्याच्या पत्त्यावर जिंकू शकतो. त्यामुळे ‘थांबून बघू’ म्हणणाऱ्याला नेहमीच थोडीफार आशा असते, आणि त्या आशेला किंमत लावता येते. सैल खेळाडूविरुद्धचे सगळे डावपेच या किंमतीभोवती फिरतात.

सुरुवात फ्लॉपच्या आधीच्या पैजेपासून. अशा टेबलांवर दोन-तीन जण नुसता बिग ब्लाइंड भरून आत येतात. त्याला लिंप करणे म्हणतात. चांगला हात आला असता त्यांच्यामागून आपणही नुसते आत शिरणे ही सर्वांत महागडी सवय आहे. रूढ ठोकताळा असा की कोणी आत आले नसेल तर ३ बीबीपर्यंत रेझ करावा, म्हणजे पैज चढवावी, आणि आधी आलेल्या प्रत्येकामागे १ बीबी वाढवावा. सैल टेबलावर हा आकडा आणखी ताणता येतो. ४ बीबीला कॉल करणारा माणूस बहुधा ६ बीबीलाही करतो, कारण तो पत्त्यांकडे बघून ठरवतो, रकमेकडे बघून नव्हे.

इथे एका नेहमीच्या तक्रारीचा हिशेब करून टाकणे बरे. दोन एक्के हातात असूनही सगळे मागे येतात आणि कोणीतरी फालतू पत्त्यांवर डाव मारून नेतो, म्हणून या टेबलांवर चांगल्या हाताला अर्थच नाही, असे पुष्कळांचे म्हणणे असते. दोन एक्के एकाच अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४ आणि चौघांविरुद्ध ५६ टक्के. घसरण खरी आहे. पण प्रत्येकाने १० चिप्स घातल्या असे धरले तर एकाविरुद्ध २० चा पॉट, म्हणजे मधला गल्ला, होतो, त्यातला सरासरी वाटा १७, म्हणजे नफा ७. चौघांविरुद्ध पॉट ५० चा, वाटा २८, नफा १८. हरण्याची वेळ जवळजवळ तिप्पट वारंवार येते आणि नफा अडीच पट होतो. तक्रार करणाऱ्याला हरलेले डाव आठवतात, म्हणून तो उलटा निष्कर्ष काढतो.

सर्वच हातांना हा हिशेब लागू नाही. एक्का-गुलाम किंवा राजा-राणी असे हात बहुधा एका जोडीवर जिंकतात, आणि एक जोडी चार जणांच्या गर्दीत फारशी टिकत नाही. अशा हातांना एकच सैल खेळाडू समोर मिळणे उत्तम. त्याच्या लिंपवर मोठा रेझ करून बाकीच्यांना बाहेर काढायचे आणि त्याच्यानंतर बोलण्याची जागा राखायची, याला त्याला एकटा पाडणे म्हणतात. त्याने आणलेले हात पाहता फायदा उघड आहे. सैल खेळाडू कोणताही एक्का सोडत नाही. त्याच्या एक्का-सत्तीसमोर एक्का-राजा चारांपैकी जवळपास तीन वेळा जिंकतो, आणि फ्लॉपवर एक्का पडला की दोघांनाही जोडी मिळून पैसे नेमके चुकीच्या माणसाच्या हातून पॉटमध्ये जातात.

याउलट ज्या हातांची भिस्त समोरच्याने घाबरून पत्ते टाकण्यावर असते, त्यांचे मोल इथे घसरते. बदाम पंजी-छक्कीसारख्या हातांनी बड्या टेबलांवर रेझ होतात ते निम्मे डाव न दाखवता जिंकण्यासाठी. सैल टेबलावर तो निम्मा भाग नाहीसा होतो. लहान जोड्या मात्र टिकून राहतात. दुर्रीची जोडी घेऊन फ्लॉपवर तिसरी दुर्री येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. आल्यावर समोरचा एका जोडीवर सगळे पैसे देणारा असेल, तरच बाकीच्या साडेसात वेळांचा खर्च भरून निघतो. सैल खेळाडू ती अट इतरांपेक्षा चांगली पुरी करतो.

फ्लॉपनंतर खरा पैसा आहे, आणि तिथे एक उदाहरण नीट सोडवून पाहिले पाहिजे. टेबलावर बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री आणि टर्नला इस्पिक चव्वी. जाणत्या खेळाडूकडे चौकट राजा आणि किलवर एक्का, म्हणजे राजाची जोडी. समोरच्याकडे बदाम दश्शी आणि बदाम गुलाम. पाच बदामांचा फ्लश पुरा व्हायला त्याला रिव्हरवर बदाम हवा. दोघांचे मिळून दिसणारे आठ पत्ते वगळता ४४ उरतात, त्यांत ९ बदाम. म्हणजे ४४ पैकी ३५ वेळा राजाची जोडी जिंकते. पॉट १०० चिप्सचा आहे.

पैज न लावता चेक केले तर पॉटमधला सरासरी वाटा ७९.५ होतो. पैज लावली आणि कॉल आला तर लावलेल्या प्रत्येक चिपवर ३५ वेळा एक मिळते आणि ९ वेळा एक जाते. ४४ डावांत २६ चिप्सची मिळकत, म्हणजे चिपमागे ०.५९. पैज ५० ची असेल तर अपेक्षा १०९ होते, १०० ची असेल तर १३८.६. समोरच्याने पत्ते टाकले तर हातात येतात फक्त १००. या चार आकड्यांत अर्धा धडा आहे. बदामची वाट पाहणाऱ्याला पळवून लावण्यासाठी पैज लावायची नसते. तो थांबावा आणि जास्तीत जास्त भरून थांबावा, यासाठी लावायची असते. पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित मोठी, म्हणजे सुमारे ३५ चिप्सच्या वरची पैज लागली की त्याचा कॉल चुकीचा ठरतो. त्यापुढची प्रत्येक चिप ही त्याच्या चुकीची वाढती किंमत आहे. शिस्तीचा खेळाडू १०० ची पैज पाहून पत्ते टाकेल, म्हणून त्याच्यासमोर आकडा जपून ठरवावा लागतो. सैल खेळाडूसमोर ती कसरत करायची गरज नाही.

त्याच्यासमोर पैजेचा आकार ठरवताना तीन फेऱ्यांचा एकत्र विचार करावा, कारण पॉट बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. फ्लॉपला १० बीबीचा पॉट असताना तिन्ही फेऱ्यांत अर्ध्या पॉटची पैज लावून कॉल मिळत गेला, तर समोरच्याकडून ५, १० आणि २० मिळून ३५ बीबी येतात. दर वेळी पाऊण पॉट लावला तर ७३ बीबी. पूर्ण पॉट लावला तर १०, ३० आणि ९० मिळून १३० बीबी. शंभर बीबी घेऊन बसलेल्याचे सगळे पैसे त्यात रिव्हरपर्यंत लागून जातात. पत्ते तेच, तिन्ही कॉल तेच. फरक फक्त लावणाऱ्याच्या आकड्याचा. लहान पैजांच्या टेबलांवर चांगले हात मिळूनही वर्षभर जागच्या जागी राहिलेल्या खेळाडूंची नोंद तपासली, तर गळती बहुधा इथेच सापडेल. पत्ते हळू खेळण्याचा, म्हणजे तिक्कड लागले असताना चेक करून सापळा लावण्याचा मोह याच कारणाने महाग पडतो. एक फेरी मोकळी सोडली की गुणाकारातला एक गुणक गेला.

रिव्हरवर गणित बदलते. पुढे पत्ता येणार नसतो, त्यामुळे प्रश्न एकच उरतो: कॉल करणाऱ्या हातांपैकी किती हात हरणारे आहेत? निम्म्याहून अधिक असतील तर पैज फायद्याची. समजा समोरचा वीस प्रकारच्या हातांनी कॉल करेल, त्यांतले बारा हरणारे आणि आठ जिंकणारे आहेत. ४० चिप्सच्या पैजेवर सरासरी नफा ८. हाच डाव आवळून खेळणाऱ्याविरुद्ध असेल तर ते बारा हरणारे हात तो टाकून देईल आणि जिंकणारे आठ तेवढे कॉल करतील, म्हणजे तीच पैज शुद्ध तोटा. म्हणून राजाची जोडी आणि सोबतीला मध्यम पत्ता असा हात एका टेबलावर चेक करण्याचा आणि दुसऱ्यावर पैज लावण्याचा असतो. पत्त्यांची ताकद त्यांच्या चित्रात नसते; समोरचा किती वाईट हातांनी पैसे देतो त्यात असते. सत्तीची जोडी, नुसता उंच एक्का, फसलेला ड्रॉ म्हणजे पुरा न झालेला हात, आणि सोबत एक जुनी शंका, एवढ्या भांडवलावर सैल खेळाडू रिव्हरला पैसे देतो. तेवढ्यासाठी पॉटच्या निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची बारीक नफ्याची पैज लावत राहणे, हे कंटाळवाणे पण मोबदल्याचे काम आहे.

ब्लफविषयी नियम सोपा आहे, पाळायला अवघड. १०० च्या पॉटमध्ये ५० चा ब्लफ यशस्वी होण्यासाठी समोरच्याने तीनपैकी एकदा पत्ते टाकले पाहिजेत. पाचपैकी एकदाच टाकणाऱ्याविरुद्ध हिशेब असा: वीस टक्के वेळा १०० मिळाले, ऐंशी टक्के वेळा ५० गेले, सरासरी तोटा २०. पैज मोठी केली तर यशाची गरज आणखी वाढते. पॉटएवढ्या ब्लफला दोनपैकी एक फोल्ड लागतो. एकाहून अधिक लोक समोर असतील तर शक्यतांचा गुणाकार होतो. प्रत्येक जण साठ टक्के वेळा पत्ते टाकणारा असला तरी तिघांनी एकाच वेळी टाकण्याची शक्यता २२ टक्क्यांपेक्षाही कमी. सैल टेबलावर ब्लफ फसल्यावर ‘याला खेळच कळत नाही’ असे चिडून म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच हे गणित केलेले नसते.

मात्र सगळे सैल खेळाडू एका जातीचे नसतात, आणि बहुतेक प्राथमिक पुस्तके इथे घाई करतात. एक वर्ग फ्लॉपच्या आधी सैल आणि नंतर आवळलेला असतो. तो काहीही घेऊन आत येतो, पण फ्लॉप लागला नाही की निघून जातो. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर किमान एक जोडी लागण्याचे प्रमाण जेमतेम ३२ टक्के आहे. म्हणजे हा माणूस दोन तृतीयांश वेळा रिकाम्या हाताने उभा असतो. त्याच्याविरुद्ध फ्लॉपवरची एक छोटी पैज, हातात काही नसतानाही, बहुधा आपोआप फायद्याची असते. दुसरा वर्ग शेवटपर्यंत सोडत नाही. पोकरच्या बोलीत त्याला कॉलिंग स्टेशन म्हणतात. पहिल्याविरुद्ध ब्लफ एकदाच करावा आणि तो अडला की थांबावे. दुसऱ्याविरुद्ध करूच नये. ऑनलाइन खेळात नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर हा भेद आकड्यांत दाखवतात: किती टक्के डावांत आत येतो, रेझ किती करतो, फ्लॉपवरच्या पैजेला किती वेळा सोडतो, पत्ते उघडण्यापर्यंत किती वेळा जातो. आत येण्याचा आकडा पन्नास-साठ डावांत बऱ्यापैकी स्थिर होतो. बाकीच्या आकड्यांना कितीतरी अधिक डाव लागतात. काही साइट्स ही साधने चालू देत नाहीत. तिथे नजर आणि टिपण यांवरच भागवावे लागते, आणि तेवढेही पुरेसे असते. उघडलेले पत्ते बघितले तरी माणूस कळतो.

कॉलिंग स्टेशनकडून मिळवलेला पैसा परत त्यालाच देण्याचा एक ठरलेला मार्ग आहे. तो फ्लॉपला कॉल करतो, टर्नला कॉल करतो, आणि रिव्हरवर अचानक रेझ करतो. जाणता खेळाडू हातातल्या एक्क्याच्या जोडीकडे बघतो, समोरच्याचा आतापर्यंतचा वेडावाकडा खेळ आठवतो, आणि कॉल करतो. समोर दोन जोड्या किंवा त्याहून मोठे काहीतरी निघते. जो माणूस सगळ्याला कॉल करतो तो रेझ क्वचित करतो. म्हणूनच त्याच्या रेझला इतर कोणाच्याही रेझपेक्षा जास्त मान द्यायला हवा. त्याचा कॉल काहीच सांगत नाही, त्याचा रेझ सगळे सांगतो. एका जोडीवर तिथे पत्ते टाकणे हा या टेबलांवरचा सर्वांत किफायतशीर फोल्ड आहे.

सैल आणि आक्रमक खेळाडूची गोष्ट उलट आहे. तो कॉल करत नाही. पैज लावतो, रेझ करतो, पुन्हा रेझ करतो, आणि पुष्कळदा काहीही नसताना करतो. त्याच्यासमोर पैज लावून त्याला संधी देण्यापेक्षा चेक करून त्यालाच पैसे लावू द्यावेत आणि मध्यम ताकदीच्या हातांनीही कॉल करत जावे. त्याच्या डाव्या हाताला बसणे, म्हणजे त्याचे बोलणे झाल्यावर आपली पाळी येईल अशी जागा घेणे, हे अर्धे काम. टेबल निवडता येते तशी ऑनलाइन खोल्यांत पुष्कळदा जागाही निवडता येते, आणि याच सोयीचा वापर सर्वांत कमी होतो. त्याच्याविरुद्ध चढउतार मात्र मोठे सोसावे लागतात. कॉलिंग स्टेशनशी खेळणे कंटाळवाणे असते, याच्याशी खेळणे थकवणारे.

अनेक सैल खेळाडू एकाच डावात आल्यावर आणखी एक गुंता होतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात मांडलेले सूत्र असे की समोरचा जेव्हा सर्वांचे पत्ते दिसत असते तर केले असते त्याहून वेगळे काही करतो, तेव्हा फायदा आपला होतो. दोघांच्या डावात हे बिनचूक आहे. तिघा-चौघांत नाही. पुढे १९९० च्या दशकात अँडी मॉर्टन यांनी दाखवून दिले की पॉटच्या एका विशिष्ट आकाराला चुकीचा कॉल करणाऱ्याचे पैसे आघाडीवरच्या हाताकडे न जाता ड्रॉ घेऊन बसलेल्या तिसऱ्याकडे जातात. त्या वेळी चुकीचा कॉल हा आघाडीवरच्या माणसालाही तोट्याचा असतो. व्यवहारात याचा अर्थ दोन गोष्टी. गर्दीच्या डावात एका जोडीने फार पुढे जाऊ नये. आणि ड्रॉच असेल तर तो सर्वांत मोठ्या हाताकडे नेणारा असावा: एक्का आणि त्याच रंगाचा कोणताही पत्ता गर्दीत सोन्यासारखा, तर दुर्री-चव्वीचा बदाम फ्लश हा मोठ्या फ्लशकडून सगळे पैसे गमावण्याचा रस्ता.

गेल्या दशकात या सगळ्याला एक नवा आक्षेप निघाला. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संगणकशास्त्रज्ञांनी दोघांच्या लिमिट होल्डेमची, म्हणजे पैजेचा आकडा ठरलेल्या प्रकाराची, जवळपास पूर्ण उकल केली. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रणालीने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केले. याच काळात समतोल खेळाची उत्तरे देणारी सॉफ्टवेअर सर्वांच्या हाती आली, आणि तळातले खेळाडूही ती पाठ करू लागले. समतोल खेळ सांगतो की रिव्हरला पॉटएवढी पैज लावताना तीनपैकी एक वेळ ब्लफ असावा. हे प्रमाण अशासाठी की समोरच्याला कॉल आणि फोल्ड सारखेच वाटावेत. पण कॉलिंग स्टेशनला ते सारखे वाटतच नाहीत. तो कॉलच करतो. त्याच्यासमोर तिसरा हिस्सा ब्लफ ठेवणे म्हणजे तेवढे पैसे नियमाने देऊन टाकणे. समतोल खेळ कोणाकडूनही न हरण्यासाठी असतो, चुका करणाऱ्याकडून जास्तीत जास्त काढण्यासाठी नव्हे. ब्लफ पूर्ण बंद केला की चाणाक्ष प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेऊ शकतो, हे खरे. ‘एनएल ५’च्या टेबलावर तो प्रतिस्पर्धी बसलेला असेल तर टेबल बदलणे सोपे.

आता कापल्या जाणाऱ्या पैशांविषयी. ऑनलाइन खोली प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा, रेक, घेते. लहान टेबलांवर तो साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतो, वर कमाल मर्यादा. तळात ही मर्यादा क्वचितच गाठली जाते, त्यामुळे बीबीच्या हिशेबात सर्वांत जड रेक सर्वांत गरीब टेबलावर पडतो. वरच्या रिव्हरच्या उदाहरणात ४० च्या पैजेने पॉटमध्ये ८० वाढले. त्यावर ५ टक्के म्हणजे ४, आणि ते जिंकणाऱ्याच्या खिशातून. ८ चा नफा ५.६ होतो, जवळपास तीन दशांश खोलीने नेला. म्हणून बारीक नफ्याची पैज फार बारीक असून चालत नाही. फ्लॉपच्या आधीच डाव संपला तर बहुतेक ठिकाणी रेक नसतो; मोठ्या रेझचा हा एक न बोललेला फायदा.

चढउतारांचा आकडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सहा जणांच्या नो-लिमिट खेळात शंभर डावांमागचे प्रमाण विचलन ९० बीबीच्या आसपास धरले जाते. शंभर डावांमागे ५ बीबी कमावण्याची खरी योग्यता असलेले दहा खेळाडू प्रत्येकी १०,००० डाव खेळले, तर त्यांतले जवळपास तिघे तोट्यात असतील. एक लाख डावांनंतरही शंभरात चारेक जण तोट्यात राहतात. सैल टेबलावर नफा मोठा असतो म्हणून हे चित्र थोडे सुधारते, पण डाव शेवटपर्यंत जातात म्हणून थोडे बिघडतेही. एका टेबलावर बसण्याच्या रकमेच्या तीस-चाळीस पट रक्कम बाजूला असल्याखेरीज बसू नये, हा सावधांचा संकेत या आकड्यांतूनच आला आहे.

भारतात या वजाबाकीत कराची भर पडली. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. १०० बीबीच्या भरण्यामागे २८ बीबी. शंभर डावांत ५ बीबी कमावणाऱ्याला नुसती तेवढी भरपाई करायला ५६० डाव. पुढे तो हिशेबही उरला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षे चाललेला भेद त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ पुरवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्याचे पैसे वळते करणे याला या कायद्याने बंदी आहे. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे न लावता, फुकट चिप्सवर चालणारा खेळ या बंदीत येत नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंमधली टेबले १९७६ च्या तिथल्या कायद्याखाली चालतात, त्यांनाही ती लागू नाही.